मदत हवी आहे: पी-१/पी-२ रस्त्यावर कॅमेरा गाडीची बाजू चुकवतो

पी-१/पी-२ म्हणजे सम-विषम तारखेनुसार रस्त्याच्या एकाच बाजूला पार्किंग. आमच्या यंत्रणेत गस्ती वाहनावरचा कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, १० मिनिटांनी दुसरी फेरी होते, गाडी दोन्ही वेळा तिथेच दिसली तरच चलनाची शिफारस. अडचण बाजूची आहे. पुण्याच्या पेठांत रस्ता जेमतेम ७-८ मीटर, उंच इमारतींमधे जीपीएस ५-१० मीटर सरकतो. मग सम तारखेला नियमाने लावलेली गाडीही समोरच्या बाजूची ठरते. निर्दोष माणसाला दंड बसणं अजिबात चालणार नाही. डावा-उजवा कॅमेरा आणि वाहनाची दिशा जोडून बाजू ठरवली, पण वळणावर दिशा उलटते. आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) घ्यावा की चाकाचा एन्कोडर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर) पुरेल?

शिवाय तिरक्या लावलेल्या दुचाकींवर ‘४१४१’ हे ‘दादा’सारखं रंगवलेलं असतं, तिथे वाचन हमखास फसतं. अशा प्लेट थेट माणसाकडे तपासायला पाठवताना विश्वासांकाची (वाचन बरोबर असल्याची सॉफ्टवेअरची खात्री) मर्यादा किती ठेवता?