घोडबंदर रोड, १९वा मजला: नंबर पोर्ट करायचाय, कुठलं नेटवर्क घ्यावं?

कासारवडवलीकर: फोन रेंज फुल दाखवतो, पण हॉलमध्ये कॉल तुटतो. दोन नंबर पोर्ट करायचेत. एक माझा प्रीपेड, त्यात महिनाभराचा रिचार्ज शिल्लक आहे. दुसरा आईचा, साध्या कीपॅड फोनवर, सिम वडिलांच्या नावावर. कंपनी कुठली आणि आधी काय करायचं?

ऐरोली_सेक्टर_८: कंपनी नंतर ठरवा, आधी घरात मोजा. टॉवरचे अँटेना खाली रस्त्याकडे झुकवलेले असतात. १९व्या मजल्यावर मधे आडकाठी नसल्यामुळे लांबच्या चार-पाच टॉवरचे सिग्नल एकदम येतात, एकमेकांत मिसळतात आणि फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत बसतो. म्हणून रेंज फुल असूनही कॉल तुटतो. तुमच्याच सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्यांचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* दाबा (काही फोनवर हा कोड चालत नाही). आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -९० च्या आसपास असेल तर उत्तम, -११० च्या खाली गेला तर कॉलचा भरवसा नाही. आरएसआरपी चांगला पण आरएसआरक्यू (सिग्नलची शुद्धता) -१५ च्या खाली, म्हणजे वर सांगितलेला घोळ.

ज्या कंपनीचा विचार आहे तिचं स्वस्तातलं प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून आठवडाभर वापरा. आतली बेडरूम, लिफ्टची लॉबी, आणि मुख्य म्हणजे रात्री ९ ते ११ ही गर्दीची वेळ तपासा. घरी ब्रॉडबँड असेल तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून बघा. तेवढ्यानं भागलं तर पोर्टची कटकटच नको.

कोपरी_पूर्व: आईंचा कीपॅड फोन फक्त २जीचा असेल तर जिओ बाद, त्यांच्याकडे २जी नाहीच. एअरटेल किंवा व्हीआय बघा. नंबर आईंच्या नावावर हवा असेल तर आधी सध्याच्याच कंपनीत नाव बदलून घ्या. ते काम अर्धवट असताना पोर्टचा अर्ज टाकला तर फेटाळला जातो.

तुमच्या नंबरचं सांगतो. इंग्रजी कॅपिटलमध्ये पोर्ट, एक स्पेस, दहा आकडी नंबर, आणि मेसेज १९०० ला. आठ अक्षरांचा यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड येतो. तो ४ दिवसच चालतो, त्यामुळे दुकानात जायच्या दिवशीच मागवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. हरवलेलं किंवा बिघडलेलं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस यूपीसी मिळत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. पोस्टपेडवाल्यांनी बिल आधी भरावं.

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही मुंबई सर्कलमध्ये (मोबाईल सेवेच्या विभागात) येतात, त्यामुळे पोर्ट व्हायला ३ कामाचे दिवस. नंबर पुण्याचा असेल तर तो महाराष्ट्र सर्कलचा, मग ५. रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत.

वाशी_प्लाझा: दुकानदार "केवायसी फेल झाली, पुन्हा करू" म्हणाला तर सावध राहा, तुमच्या नावावर दुसरं सिम निघू शकतं. नंतर संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावरचे नंबर तपासा. फोन करून कुणी यूपीसी मागितला तर द्यायचा नाही.

कासारवडवलीकर: रिचार्जचं आणि बँकेच्या ओटीपीचं काय?

कोपरी_पूर्व: उरलेला रिचार्ज बुडतो, नवीन कंपनी तो देत नाही. म्हणून संपत आल्यावरच पोर्ट करा, तोवर सिमची चाचणीही होईल. जुनं सिम 'नो सर्व्हिस' दाखवेपर्यंत काढू नका. बदल बहुतेक रात्री होतो, मधे काही तास फोन बंद राहतो. त्या दिवशी मोठा व्यवहार ठेवू नका. यूपीआय अ‍ॅप नव्या सिमवरून पुन्हा नोंदणी मागेल, त्यासाठी मेसेज जातो, तेव्हा पहिल्या पॅकमध्ये एसएमएस आहेत ना ते बघून घ्या. आणि मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत इंग्रजीत कॅन्सल, स्पेस, नंबर असा मेसेज १९०० लाच टाकायचा.