मुस्तफाचे मशीन दुरुस्त करताना पिक्चर ट्यूब ठेवावी की एलसीडी बसवावा?

ट्यूबवाला (धागाकर्ता)

बंद पडलेल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधून मी गेल्या वर्षी एक मशीन घरी आणले. त्यातला गेम कॅपकॉमचा, १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. आपल्याकडे हे नाव कुणी घेतल्याचे मला आठवत नाही, कारण धावत येऊन लाथ घालणाऱ्या पात्रावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत. प्लायवूडच्या खोक्याची तळाची बाजू फरशी पुसण्याच्या पाण्याने फुगली होती, सनमायका सुटला होता आणि चित्र मध्यभागी आत ओढल्यासारखे दिसत होते.

घरी येणारा प्रत्येक जण ट्यूब काढून एलसीडी बसवण्याचा सल्ला देतो. माझे मत उलट आहे. हा गेम ३८४ बाय २२४ ठिपक्यांचे चित्र काढतो. १०८० ओळींच्या पडद्यावर २२४ ओळी पूर्ण पटीत बसत नाहीत. चौपट केल्या तर वरखाली काळ्या पट्ट्या उरतात आणि ताणून बसवल्या तर काही ओळी जाड, काही बारीक होतात. शिवाय मूळ ठिपके चौरस नसतात, ते ४:३ (रुंदी चार, उंची तीन) च्या काचेवर बसतील असे धरूनच चित्रकारांनी ही पात्रे रंगवली. ट्यूबवर गेमच्या सर्किट बोर्डाकडून येणारी ओळ आली तशी उमटते, तर एलसीडीत ती आधी साठवून, मोठी करून मग दाखवली जाते आणि बटण दाबल्यानंतरचा तो किंचित उशीर हाताला कळतो. जे बिघडले आहे तेवढेच बदलावे, असे मला वाटते.

सोल्डरगन

साहेब, आपला जिव्हाळा समजतो, पण आपण नेमके कोणते ‘मूळ’ जपत आहात? जपानमध्ये किंवा अमेरिकेत गेम बनवणाऱ्या कंपन्यांची कॅबिनेट (खोकी) मिळत, तिथे हा आग्रह शोभतो. आपल्या पार्लरांतली बहुतेक खोकी गल्लीतल्या सुताराने ठोकलेली, आत घरगुती टीव्हीची ट्यूब आणि बोर्ड बहुधा नकली. १९८५ साली जपानमध्ये ५६ पिनांच्या जोडणीचे जे ‘जामा’ मानक आले, त्याचा हेतूच हा होता की खोके तेच ठेवून बोर्ड बदलता यावा. आज एक गेम, उद्या दुसरा. ही मशीन जन्मापासूनच तडजोडीवर चालत आली आहेत आणि एलसीडी ही त्याच रांगेतली पुढची तडजोड आहे.

दुसरे, सुरक्षितता. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे काचेवरच्या रबरी टोपीखालच्या जोडणीवर, वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या टीव्हीच्या अनेक चॅसींचा (ट्यूब चालवणाऱ्या सर्किटांचा) संबंध थेट मेन्सशी, म्हणजे घरच्या विजेशी असतो, त्यामुळे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मशीनला मेन्सपासून अलग ठेवणारा) नसेल तर तोच करंट गेम बोर्डाच्या ग्राउंडमधून थेट नाण्याच्या दारापर्यंत पोहोचतो. आमच्या पार्लरमध्ये त्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या आणि आम्ही हसायचो. आता घरात लहान मुले असताना मला हसू येणार नाही. आणि फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबला हा मोठा दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, गेला तर जुळणारा कुठून आणणार?

ट्यूबवाला

ट्रान्सफॉर्मरचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या मशीनमध्ये तो नव्हता. मी पहिल्यांदा तोच बसवला आणि पत्र्याला अर्थिंग दिले, चित्राकडे नंतर वळलो.

ॲनोडबद्दल मात्र भीतीपेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. वीजपुरवठा काढून, प्लास्टिकच्या मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरला तार बांधून तिचे दुसरे टोक ट्यूबच्या मागच्या उघड्या ग्राउंड-वेणीला (विणलेल्या तारेला) अडकवायचे आणि पाते एका हाताने रबरी टोपीखाली सरकवायचे. ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. काही मिनिटांनी हेच पुन्हा करायचे, कारण काचेत थोडा भार परत गोळा होतो. दुसऱ्या खेपेला मला अगदी पुसट टिक् ऐकू आले आणि तेव्हापासून मी दुसरी खेप कधीही चुकवत नाही. त्यानंतर चॅसीवरचे वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकेक करून बदलले. चित्राची आत गेलेली कंबर सरळ झाली. एवढ्यासाठी ट्यूब भंगारात घालायची होती का?

बोर्ड नकली आहे हेही खरे. गंमत अशी की कॅपकॉमच्या या पिढीतल्या अस्सल क्यू-साउंड (एक ध्वनिप्रणाली) बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरची गुप्त किल्ली एका बॅटरीच्या जिवावर टिकते. बॅटरी संपली की आवाज गेला. आमच्या नकली बोर्डाला ती भानगडच नाही. त्याचा आवाज भसाडा आहे, पण पार्लरमध्ये मी तोच ऐकला होता.

दुपारची शाळा

दोन्ही बाजू वाचताना मला एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. आमच्या गावात मुलींनी पार्लरचा पडदा बाजूला सारून आत जाण्याची रीत नव्हती. भाऊ रुपया घेऊन जायचा आणि मी सायकल धरून बाहेर उभी राहायचे. त्यामुळे ट्यूबची आठवण जपायला माझ्याकडे ती आठवणच नाही, आणि जुन्या मशीनचा अधिकार फक्त आठवण असणाऱ्यांचाच असेल तर हा छंद तुमच्याबरोबर संपेल.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच एक मशीन सुधारले, त्यात एलसीडी घातला. मला स्वतःला पडद्यापेक्षा जॉयस्टिकचा फरक अधिक जाणवला. जुन्या मायक्रोस्विचचा कडक ‘कट्’ आवाज आणि दांडा मध्यभागी परत येतानाची ओढ नसेल, तर ट्यूब असूनही खेळ मेलेलाच वाटतो. पैसे थोडे असतील तर ते आधी हाताखालच्या भागावर खर्च करावेत.

सोल्डरगन

ताईंनी पॅनेलचा विषय काढलाच आहे, म्हणून विचारतो. ट्यूबवालासाहेब, आपण लावलेल्या फोटोत कंट्रोल पॅनेलचा सनमायका कोरा करकरीत दिसतो. अशा प्रत्येक पॅनेलवर नाण्याने कोरलेली आद्याक्षरे असत आणि स्टार्ट बटणाशेजारी सिगारेटचा डाग असे. तुम्ही काच जुनी ठेवलीत आणि तीस वर्षे लोकांनी जिथे हात टेकले तो भाग मात्र बदललात. ‘बिघडले तेवढेच’ या नियमात हे कुठे बसते?

ट्यूबवाला

पकडलेत. सनमायका खरे तर फार उखडला नव्हता. मुलांना कड लागेल असे घरी सांगून मी तो बदलला, पण खरे कारण इतकेच की दिवाणखान्यात ते बरे दिसत नव्हते. जुना तुकडा फेकलेला नाही, माळ्यावर आहे. त्यावर एक बाणाचे बदाम आणि ‘आर. के.’ अशी अक्षरे आहेत.

सोल्डरगन

तो परत चिकटवा. फ्लायबॅकसाठी माझ्याकडे एक बंद पडलेला एकवीस इंची टीव्ही पडून आहे. आपल्या चॅसीवरचा क्रमांक कळवा, जुळला तर घेऊन जा. माझे मत बदललेले नाही, पण उद्या ट्यूब गेलीच आणि एलसीडी बसवायची वेळ आली, तर निदान ट्यूबचे चार लाकडी ठोकळे कापू नका. पडदा वेगळ्या फळीवर चढवा आणि ती फळी त्याच ठोकळ्यांना स्क्रूने बसवा.