मदत हवी आहे: एएमटी गाडी चढावर मागे सरकते

आजवर मॅन्युअलच चालवली, आता एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) घेतली आहे. सपाट रस्त्यावर तक्रार नाही. गिअर बदलताना हिसका बसतो, पण ॲक्सिलरेटर किंचित सोडला की निभावतं. अडचण चढावरच्या रांगेत. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आधी मागे येते, मग पुढे. हिल होल्ड (ब्रेक सोडल्यावरही चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नाही. हँडब्रेक लावून, ॲक्सिलरेटर देऊन मग सोडला तर जमतं, पण दर दोन फुटांवर तेच म्हणजे वैताग. नुसत्या ॲक्सिलरेटरवर मी गाडी धरून ठेवत नाही. आत साधाच क्लच असतो, तो जळायचा. (डाव्या पायाने ब्रेक मारा, हा सल्ला कृपया नको.)

मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर ठेवला तर फरक पडतो का? आणि सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल करावं की डी (ड्राइव्ह) मध्येच ब्रेक दाबून ठेवलेला चालतो?