शब्दचर्चा: ‘शीर दबली’, पण कुठं?

कृष्णाकाठचा: मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या आमच्या मामांची करंगळी बधीर पडते. रिपोर्टवर ‘अल्नर नर्व्ह (कोपरावरून करंगळीकडं जाणारी), कोपरापाशी कंडक्शन ब्लॉक’ असं आहे. मामा सांगत सुटलेत, शीर दबली. शीर म्हणजे रक्तवाहिनी ना? आणि या ब्लॉकला मराठीत काय म्हणायचं?

हरिपूरची: बोलताना शीर कशालाही चालते. सलाइन लावताना सापडत नाही तीही शीर, मानेत आखडते तीही शीरच. लिहिताना चेता किंवा मज्जातंतू. विश्वकोशात तंत्रिका आहे, पण ती मामांच्या तोंडी बसायची नाही.

तपासणीवाली: मी ‘वहनरोध’ लिहिते, म्हणजे चेतेतला संदेश वाटेत अडणं. करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या कडेच्या स्नायूवर पट्टी चिकटवतो आणि चेतेला झटका देतो: आधी मनगटावर, मग कोपराच्या खाली, मग वर. पहिल्या दोन्ही ठिकाणांहून स्नायूच्या प्रतिसादाची लाट उंच येते. कोपराच्या वरून झटका दिला की तीच लाट खुजी झाली, तर अडथळा या शेवटच्या दोन जागांच्या मध्ये. संदेशाचा वेगही बघतो. हातात तो एरवी सेकंदाला साधारण 50 मीटर किंवा जास्त असतो. नुसता वेग कमी झाला तर ते मंदवहन, रोध नव्हे. ‘दबली’त दोन्ही खपून जातं.

हरिपूरची: वहनरोध वाचून लोक गाडी लावायला दुसरीकडं जातील! पण शब्द चांगलाय. मानेत दबली असेल तर काय लिहाल?

तपासणीवाली: तिथं खरी गंमत आहे. संवेदी, म्हणजे स्पर्श कळवणाऱ्या, पेशींचा पुंजका मज्जारज्जूच्या बाहेर असतो. चेतेचं मूळ त्या पुंजका आणि रज्जू यांच्या मध्ये दबलं, तर पुंजक्यापासून बोटापर्यंतचा तंतू जिवंतच राहतो. बोट बधीर, तरी संवेदी प्रतिसाद शाबूत! तेव्हा ‘नॉर्मल’चं भाषांतर ‘काही नाही’ असं करू नका. बोट बधीर असताना तो नॉर्मल प्रतिसाद मानेकडं किंवा त्याच्याही वर बोट दाखवतो.

कृष्णाकाठचा: आणि तुटलीच असेल तर?

तपासणीवाली: ऊसतोडीत कोयता लागून मनगटाच्या वर चेता तुटली, तरी सुरुवातीचे काही दिवस जखमेच्या खालून झटका दिला की स्नायू हलतो. तुटका तुकडा लगेच मरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात मी ‘खालच्या भागात वहन आहे’ एवढंच लिहिते. ‘चेता शाबूत’ लिहीत नाही.