मदत हवी आहे: वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेत स्लीव्ह की गॅस्ट्रिक बायपास? दहा वर्षांनंतरचं कोण सांगेल?

नमस्कार मंडळी. बहिणीसाठी विचारतेय. वय 34, बीएमआय 39, मधुमेह, पूर्ण शाकाहारी, रात्री छातीत जळजळ. सर्जननी दोन्ही पर्याय दिलेत. पहिल्या वर्षी वजन उतरेल, त्याची चिंता नाही, पुढचं काय?

स्लीव्हमध्ये जठराचा 75-80 टक्के भाग कायमचा काढतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढून जळजळ बळावू शकते, आणि काहींना त्यासाठी नंतर बायपास करावा लागतो. आधीच त्रास असताना स्लीव्ह करावं का, हे मला पटत नाही. तुमची आधी एंडोस्कोपी करून हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे का, ते पाहिलं होतं का?

बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं, आणि लोह, कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. म्हणून कॅल्शियम सायट्रेट रोज 1200-1500 मिलिग्रॅम, एका वेळी 500-600 पर्यंतच, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. तेही जन्मभर! पाच-सात वर्षं झालेल्यांनी कृपया सांगा, हे खरंच पाळलं जातं का? बी-12 गोळीने भागतं की इंजेक्शनच लागतं? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) घसरल्यावर शिरेतून लोह घ्यावं लागलं का? आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठर आणि आतडं जोडलेल्या जागेजवळ अल्सर होऊ शकतो, मग गुडघेदुखीवर काय घेता?

शाकाहारात रोजची किमान 60 ग्रॅम प्रथिनं कशी भरता? वाटीभर वरणाने ती होत नाहीत. शिवाय तिला मूल हवंय. शस्त्रक्रियेनंतर 12-18 महिने थांबायला सांगतात. त्यानंतरच्या गरोदरपणात कोणत्या तपासण्या, किती वेळा केल्या?