गिरणी आधी की फ्लॅट आधी?

पेठकर: काल इथे एका बाईंनी लिहिलंय, "सहा महिन्यांपूर्वी कोथरूडला फ्लॅट घेतला, खालची पिठाची गिरणी सकाळी आठपासून घरघरते, ती बंद करायला लावणारच." डोकंच फिरलं. गिरणी तिथे तीस वर्षं आहे. फ्लॅट बघायला सुट्टीच्या दिवशी आला होतात का?

निवृत्त नाझर: राग कळतो, पण 'मी आधीपासून आहे' हा उपद्रवाच्या दाव्यात बचाव होत नाही. १८७९ चा लंडनचा निकाल बघा. मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून जास्त चालू होते. शेजारच्या डॉक्टरने मागून त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि दावा लावला. डॉक्टर जिंकला. वीस वर्षं बिनतक्रार चाललं तर हक्क मिळतो खरा, पण ती वीस वर्षं मोजायची त्रास सुरू झाल्यापासून.

पेठकर: लंडनचं लंडनला ठेवा. तिथे दळण टाकायला कोण जातं?

फ्लॅटवाली: ती पोस्ट माझी. 'बंद' रागात लिहिलं, मान्य. मोटरखाली रबराचे पॅड टाका, एवढंच मागितलं तर मालक म्हणाले, "आवडत नसेल तर विका फ्लॅट." वर सांडलेल्या धान्यावर कबुतरं. सासूबाईंना दमा आहे.

गुटर्गूग्रस्त: कबुतरं! आता विषयावर आलात. आमच्या समोरचे आजोबा रोज गच्चीत ज्वारी टाकतात आणि विष्ठा आमच्या बाल्कनीत. जाळी लावली पदरच्या पैशांनी. वडिलांच्या फुप्फुसांना सूज आली, डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचाच विचारला.

दाणापाणी: मुक्या जिवाला मूठभर दाणा टाकला तर पोटात दुखतं? इमारती तुम्ही बांधल्यात.

गुटर्गूग्रस्त: मूठभर? पाच किलोची पिशवी येते! एवढं पुण्य हवं तर स्वतःच्या दिवाणखान्यात टाका.

दाणापाणी: २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने झाकले, तेव्हा टाळ्या वाजवणारे तुम्हीच.

गुटर्गूग्रस्त: हो, दोन्ही हातांनी.

निवृत्त नाझर: सार्वजनिक उपद्रव असेल तर दोघं मिळून कोर्टाच्या परवानगीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दावा लावू शकतात. भांडणापेक्षा स्वस्त पडेल असं मात्र म्हणत नाही. चाळीस वर्षं तारखा बघितल्यात.

आणि पेठकर, तुमच्या बाजूचंही सांगतो. लंडनच्या त्याच निकालात वस्ती कशी आहे ते बघायला सांगितलं आहे. बाजाराच्या लक्ष्मी रोडला जे खपतं ते बंगल्यांच्या प्रभात रोडला खपेलच असं नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. बाईंनी आधी आवाज मोजून घ्यावा.

पेठकर: म्हणजे निम्मा मी बरोबर. उपकार झाले. पॅडचं ठीक आहे, टाकावेत त्याने. पण बाई, दळण कुठे टाकता?

फ्लॅटवाली: तिथेच. भाजणी छान दळतात मेले.