ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कॉलेज बघून यावं का?

लातूरची_आई: मुलीची इंजिनीअरिंगची सीईटी (प्रवेश परीक्षा) झाली, आता ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचीत, पर्सेंटाइल चांगलं आलंय. पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि सांगलीचं वालचंद असं डोक्यात आहे. हे म्हणतात कटऑफ बघून फॉर्म भरा, एवढा प्रवास कशाला. खरंच जाऊन बघण्यात अर्थ आहे का?

माटुंगावाला: ताई नक्की जा, पहिल्या कॅप राऊंडला (सरकारी प्रवेश फेरीत) पहिलाच ऑप्शन लागला तर सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे आपोआप पक्की होते, मग नंतर नको वाटलं तरी पुढच्या राऊंडला बदलता येत नाही. व्हीजेटीआय १८८७ चं, नाव मोठं, पण कॅम्पस मुंबईच्या मानाने आटोपशीरच, मोकळी जागा हवी असेल तर मुलीने स्वतः बघितलेलं बरं. लोकलने मात्र सोपं, माटुंगा आणि माटुंगा रोड दोन्ही स्टेशनं जवळ.

सांगलीकर८८: वालचंदला विश्रामबागला भरपूर जागा आहे, झाडं आहेत, खर्चही पुण्या-मुंबईपेक्षा कमी. फक्त सुट्टीत जाऊ नका! कॉलेज चालू असताना जा, मुलींच्या हॉस्टेलची मेस, पाणी, रात्री किती वाजता गेट बंद होतं हे तिथल्याच मुलींना विचारा, ऑफिसात विचारून काही कळत नाही.

लातूरची_आई: मेसचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. आधी सांगली करतो मग पुणे. सीओईपीच्या हॉस्टेलबद्दल कुणाला माहितीये का?